पीसीबीला कुठलं फिनिश? ऑर्डर देण्याआधीची चिठ्ठी, चाळणी आणि तपासणी

पीसीबीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्ट ज्यावर बसवतात त्या छापील सर्किट बोर्डाची, ऑर्डर भरताना थर किती, जाडी किती, मास्कचा (तांबं झाकणाऱ्या रंगीत लेपाचा) रंग कुठला हे सगळं नीट विचार करून भरलं जातं. 'सरफेस फिनिश'च्या रकान्याशी आलं की मात्र बहुतेक जण दोनपैकी एक करतात. सगळ्यात स्वस्त असेल त्यावर टिचकी मारतात, नाहीतर 'सोनं म्हणजे चांगलंच' म्हणून एनिग (निकेलवर सोन्याचा पातळ थर) निवडतात. बोर्ड दोन्ही वेळा दिसायला ठीकच येतो. चूक कळते ती नंतर: दुसऱ्या बाजूचे पार्ट सोल्डर धरत नाहीत, क्यूएफएनच्या (कडेला बारीक, बिनतारेचे पाय असलेल्या चिपच्या) पायांमध्ये शॉर्ट निघतात, किंवा टेस्ट जिगच्या (तयार बोर्ड तपासायच्या साच्याच्या) पिना कॉन्टॅक्टच देत नाहीत.

फिनिशचं काम साधं आहे. उघडं तांबं हवेत काळवंडतं आणि काळवंडलेल्या तांब्याला सोल्डर धरत नाही, म्हणून मास्क नसलेल्या प्रत्येक जागी एक पातळ थर चढवायचा. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात त्याच जातीचं हे काम. नवसागराच्या जागी फ्लक्स आणि कापसाच्या बोळ्याच्या जागी गरम हवेचा झोत. पण एकाच बोर्डावर दहा प्रकारचे पॅड, म्हणजे तांब्याच्या उघड्या जागा, असतात आणि प्रत्येकाची मागणी वेगळी. म्हणून निवड सरासरी पॅड पाहून करायची नाही. सर्वांत अडचणीचं पॅड शोधायचं, आणि बोर्ड बनल्यापासून शेवटचा जोड होईपर्यंत किती दिवस जाणार ते पाहायचं.

निवड करायची ती यांतून: हॅसल (वितळलेल्या सोल्डरचा थर), ओएसपी (सेंद्रिय थर), इमर्शन टिन (कथील), इमर्शन सिल्व्हर (चांदी), एनिग आणि एनेपिग (निकेल, पॅलेडियम, सोनं). खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. किंमत सर्वांत शेवटी येते, तिला आधी आणलं की बाकीचे प्रश्न विचारायचे राहून जातात.

पायरी १: चिठ्ठी तयार करा

गर्बर (बोर्डाच्या डिझाइनच्या फाइली) पाठवण्याआधी एका कागदावर सात गोष्टी लिहा.

१. सर्वांत बारीक पिच, म्हणजे शेजारच्या दोन पायांमधलं अंतर, कुठला? क्यूएफएन, बीजीए (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली चिप), बारीक कनेक्टर, मिलिमीटरमध्ये लिहा.
२. सोल्डर न होणारी पण उघडी राहणारी तांब्याची जागा आहे का? एज कनेक्टर, कीपॅडचे कॉन्टॅक्ट, प्रेस-फिट भोकं (पिन सोल्डरशिवाय दाबून बसवायची), वायर बाँडिंगचे (चिपची बारीक तार जोडायचे) पॅड, जिगचे टेस्ट पॉइंट.
३. बोर्ड किती वेळा तापणार? पहिली बाजू रीफ्लो (सोल्डर पेस्ट भट्टीत वितळवणं), दुसरी बाजू रीफ्लो, वेव्ह किंवा सिलेक्टिव्ह सोल्डरिंग (भोकांतले पार्ट वितळलेल्या सोल्डरने जोडणं), आणि वर दुरुस्ती.
४. बोर्ड तयार झाल्याच्या तारखेपासून शेवटचा जोड होईपर्यंत किती दिवस?
५. शिसं चालणार की नाही?
६. बोर्ड कुठे बसणार? ओलावा, समुद्राची हवा, गंधकाचे वायू.
७. मास्क नसलेल्या ट्रेसवरून (तांब्याच्या रेघेवरून) काही गिगाहर्ट्झचा सिग्नल जातो का?

उदाहरण म्हणून शेतीपंपाचा मोबाइल स्टार्टर घेऊ. १.६ मिमीचा बोर्ड, दोन्ही बाजूंना एसएमडी (भोकाशिवाय, पृष्ठभागावर सोल्डर होणारे पार्ट). वर साधारण २४ मिमी बाजूचा जीएसएम मॉड्यूल, त्याचे पॅड पोटाखाली. पॉवरसाठी ०.५ मिमी पिचचा एक क्यूएफएन. रिले आणि टर्मिनल ब्लॉक हाताने लावायचे. जिगसाठी चौदा टेस्ट पॉइंट. बोर्ड एकदम ५०० मागवायचे, एसएमडी लगेच भरायचं आणि रिले मागणी येईल तसे पुढचे चार महिने लावत राहायचे. पेटी विहिरीजवळच्या खांबावर.

तपासा: चौथ्या मुद्द्याला 'लवकरच' असं उत्तर लिहिलं असेल तर ते खोडा आणि आठवडे लिहा. बोर्ड ठरल्या दिवशी येतात, पण एखादा आयसी अडकून पडतो. तेवढ्या काळात फिनिशचं वय वाढतच असतं.

पायरी २: सोल्डर न होणाऱ्या जागा आधी हातावेगळ्या करा

या प्रश्नाने अर्धे पर्याय आपोआप गळतात.

एज कनेक्टर, म्हणजे सॉकेटमध्ये वारंवार घातली-काढली जाणारी बोटं, यांना हार्ड गोल्ड लागतं. हे विजेवर चढवलेलं, कोबाल्टसारखा धातू मिसळलेलं कडक सोनं. साधारण वापराला ०.८ मायक्रॉन, जास्त भरवशाच्या कामाला १.२५ मायक्रॉन, खाली निकेल. एनिगचं सोनं याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकंच जाड आणि मऊ असतं. काही वेळा घासलं की निकेल उघडं पडतं. 'बोटंही एनिगमध्येच करून टाका' हे फक्त आयुष्यात दोन-चार वेळा घालायच्या कार्डाला चालेल.

हार्ड गोल्डला वीज लागते. म्हणून प्रत्येक बोट बोर्डाच्या कडेबाहेरच्या प्लेटिंग पट्टीला बारीक ट्रेसने जोडलेलं हवं. बोर्ड कापताना तो ट्रेस तुटतो. कडेपासून आत सरकवलेली बोटं इथेच अडकतात. व्हाया (थर जोडणारी बारीक भोकं) बोटांपासून निदान एक मिमी लांब ठेवा, बोटांमधल्या फटीतला मास्क काढा आणि कडेला तिरका छेद हवा असल्यास त्याचा कोन लिहून द्या.

सावधान: हार्ड गोल्डवर सोल्डर करू नका. जाड सोनं सोल्डरमध्ये विरघळतं आणि जोडात सोन्याचं वजन तीन टक्क्यांच्या वर गेलं की जोड ठिसूळ होतो. पार्टच्या पॅडला वेगळं फिनिश आणि फक्त बोटांना हार्ड गोल्ड, असंच सांगायचं.

कीपॅडच्या कार्बन गोळीखालच्या कॉन्टॅक्टला एनिग चालतं, कार्बन शाईही चालते. तिथे ओएसपी मुळीच नको, कारण तो थर वीज वाहून नेत नाही. प्रेस-फिट कनेक्टरला इमर्शन टिन सर्वांत सोयीचं: थर एकसारखा, भोकाचं माप बिघडत नाही आणि कथील मऊ असल्याने पिन सहज सरकते. हॅसलमध्ये भोकाच्या आत सोल्डर कमीजास्त साचतं आणि प्रेस-फिटच्या काही शतांश मिलिमीटरच्या सवलतीत ते बसत नाही. वायर बाँडिंगला अॅल्युमिनियमची तार असेल तर एनिग पुरतं. सोन्याची तार असेल तर एनेपिग घ्या, ज्यात निकेल आणि सोन्याच्या मध्ये पॅलेडियमचा थर असतो.

आपल्या स्टार्टरला यातलं काहीच नाही, फक्त चौदा टेस्ट पॉइंट आहेत. ते लक्षात ठेवू.

पायरी ३: सपाटपणा मोजा

हॅसलमध्ये बोर्ड वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवतात आणि जास्तीचं सोल्डर गरम हवेच्या सुऱ्यांनी उडवतात. उरलेला थर कुठे एक-दोन मायक्रॉन, कुठे तीस-चाळीस. मोठ्या पॅडवर फुगवटा, लहान पॅडच्या कडेला जवळजवळ काहीच नाही.

आता स्टेन्सिल, म्हणजे पॅडवर सोल्डर पेस्ट छापायचा भोकांचा पत्रा, पाहा. बारीक पिचला ०.१ मिमी, म्हणजे १०० मायक्रॉन जाडीचा पत्रा वापरतात. त्याखाली तीस मायक्रॉनचा उंचवटा आला की पत्रा सपाट बसत नाही, कडेच्या फटीतून पेस्ट खाली पसरते आणि शेजारच्या दोन पॅडचा पूल होतो. असेंब्लीवाला म्हणतो स्टेन्सिल खराब, स्टेन्सिलवाला म्हणतो प्रिंटर खराब, आणि दोष दोघांकडेही नसतो.

व्यवहारात मर्यादा अशी धरा. ०.६५ मिमी आणि त्याहून मोठ्या पिचला हॅसल निर्धास्त. ०.५ मिमी ही सीमारेषा. चांगला कारखाना आणि चांगला प्रिंटर असेल तर जमतं, पण बॅचगणिक फरक पडतो. ०.४ मिमी, बीजीए, पोटाखाली पॅड असलेले मोठे मॉड्यूल, ०२०१ या अगदी छोट्या आकाराचे रेझिस्टर: इथे हॅसल नाही. मग एनिग, ओएसपी, इमर्शन सिल्व्हर, इमर्शन टिन यांपैकी एक.

जाडीही पाहा. ०.८ मिमीपेक्षा पातळ बोर्ड गरम सोल्डरमधून वाकून निघतो. लवचिक बोर्डाला तर हॅसलचा विचारच करू नका. शिसंविरहित हॅसलची कढई २६० अंशांच्या वर असते, त्यामुळे साध्या एफआर-४ (बोर्डाचं नेहमीचं काच-इपॉक्सी मटेरियल) ऐवजी टीजी (मटेरियल मऊ पडू लागतं ते तापमान) १५० किंवा त्याहून जास्त असलेलं मटेरियल मागा.

स्टार्टरमध्ये ०.५ मिमीचा क्यूएफएन आणि पोटाखाली पॅड असलेला मॉड्यूल एकत्र आहेत. हॅसल इथे खोडलं.

पायरी ४: उष्णता आणि कॅलेंडर

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबू.

प्रत्येक फिनिशला दोन वयं असतात. एक बंद पाकिटातलं, दुसरं पाकीट उघडून पहिली भट्टी झाल्यानंतरचं. विक्रेता पहिलं सांगतो. बोर्ड वाया जातो तो दुसऱ्यात.

हॅसल आणि एनिग बंद पाकिटात साधारण वर्षभर टिकतात. इमर्शन सिल्व्हर नीट गुंडाळलेलं असेल तर सहा महिने ते वर्ष. इमर्शन टिन आणि ओएसपी सहा महिने धरावं.

पाकीट उघडल्यावरचं चित्र वेगळं. ओएसपी म्हणजे तांब्यावर बसलेला ०.२ ते ०.५ मायक्रॉनचा सेंद्रिय थर. प्रत्येक भट्टीत तो थोडा थोडा संपतो. हल्लीचं उच्च तापमानाचं ओएसपी दोन-तीन रीफ्लो सोसतं, पण पहिल्या रीफ्लोनंतर चार महिने थांबून रिले लावायला घेतले तर भोकातलं तांबं तपकिरी झालेलं असेल. सोल्डर वरपर्यंत चढणार नाही. तापणं आणि थांबणं एकत्र आलं की ओएसपी हरतं. नुसतं तापणं असेल, सगळं काम दोन-तीन दिवसांत संपणार असेल, तर तेच ओएसपी उत्तम आणि स्वस्त.

इमर्शन टिनची गोष्ट आणखी लपलेली. कथील आणि तांबं एकमेकांत मिसळत राहतात, साध्या तापमानालाही. भट्टीत फार वेगाने. एक मायक्रॉनच्या थरातलं मोकळं कथील संपलं की वर उरतो तो तांबं-कथलाचा संयुग थर, आणि त्याला सोल्डर नीट धरत नाही. दिसायला मात्र बोर्ड पांढराच. थर एक मायक्रॉनपेक्षा कमी आला तर दुसऱ्या रीफ्लोपर्यंतच खेळ आटोपतो.

एनिगमध्ये निकेलचा थर तांब्याला अडवून धरतो आणि सोनं निकेलला झाकतं. त्यामुळे अनेक रीफ्लो, मधले थांबे, हाताने दुरुस्ती, सगळं त्याला चालतं.

तपासा: नव्या पुरवठादाराचा एक रिकामा बोर्ड काहीही न लावता दोनदा रीफ्लोतून काढा. मग त्यावर पेस्ट छापून तिसऱ्यांदा भट्टीत घाला, आणि एका भोकात रिलेची पिन हाताने लावून पाहा. दुसऱ्या बाजूची आणि उशिरा होणाऱ्या जोडांची खरी परीक्षा हीच. अर्ध्या तासाचं काम आहे, तरी फारसं कुणी करत नाही.

स्टार्टरचे चार महिने ओएसपी आणि टिन दोघांनाही बाहेर काढतात. उरले एनिग आणि सिल्व्हर.

पायरी ५: शिसं, गंधक आणि गिगाहर्ट्झ

शिसं. युरोपीय संघात १ जुलै २००६ पासून रोह्स (उपकरणांतल्या घातक पदार्थांवरचा नियम) लागू आहे आणि शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्के. भारतातही ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्यांच्या यादीतल्या उपकरणांना शिशाची हीच मर्यादा आहे. शिसंवालं हॅसल १८३ अंशांना वितळतं, हाताने काम करायला फार सुखाचं, शिकाऊ कामाला आणि जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीला बरंच. विकायच्या वस्तूसाठी आधी यादी पाहा. 'हॅसल' एवढंच लिहिलं तर काही कारखाने शिसंवालं पाठवतात. 'शिसंविरहित' हा शब्द कागदावर हवाच.

गंधक. चांदी गंधकाने काळी पडते, हे घरातल्या निरांजनाने आपल्याला शिकवलेलंच आहे. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या हवेत काळेपणावर भागत नाही: उघड्या चांदी-तांब्यावर सल्फाइड तयार होऊन मास्कवरून सरपटत शेजारच्या पॅडपर्यंत पोचतं आणि शॉर्ट करतं. महाराष्ट्रात अशा जागा कमी नाहीत. साखर कारखान्याला जोडलेल्या डिस्टिलरीचा स्पेंटवॉशवर चालणारा बायोगॅस प्रकल्प, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, गटारावरचं पंपिंग स्टेशन. अशा पॅनेलमध्ये इमर्शन सिल्व्हर नको. एनिग घ्या आणि वर कॉन्फॉर्मल कोटिंग (भरलेल्या बोर्डावरचा संरक्षक लेप). ओएसपीमध्येही ज्या पॅडवर सोल्डर बसत नाही तिथे शेवटी उघडं तांबंच उरतं, तेव्हा तेही टाळा. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेलाही हाच हिशेब लावा.

गिगाहर्ट्झ. उच्च वारंवारतेला प्रवाह धातूच्या वरच्या सालीतून वाहतो. तांब्यात १ गिगाहर्ट्झला ही साल सुमारे २ मायक्रॉन, १० गिगाहर्ट्झला सुमारे ०.७ मायक्रॉन. एनिगचं निकेल तांब्यापेक्षा कितीतरी वाईट वाहक, म्हणून सिग्नल त्यात झिजतो. यावरून 'आरएफ आहे म्हणजे एनिग नको' असा सरसकट नियम काढणं मात्र चूक. फिनिश फक्त मास्क नसलेल्या जागी चढतं. ट्रेस मास्कखाली असेल तर त्यावर निकेल नाहीच. प्रश्न येतो तो उघड्या मायक्रोस्ट्रिप फिल्टरचा, पॅच अँटेनाचा, रडारच्या बोर्डाचा. तिथे सिल्व्हर किंवा ओएसपी घ्या. जीएसएमच्या ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झला मॉड्यूलपासून कनेक्टरपर्यंतच्या दोन सेंटिमीटरच्या ट्रेससाठी याची चिंता नको.

स्टार्टर विहिरीवर आहे, चार महिने अर्धवट अवस्थेत गोदामात पडून राहणार आहे. सिल्व्हर इथे बाद. राहिलं एनिग, आणि जिगच्या चौदा पिनांनाही ते सोयीचं.

पायरी ६: जे उरलं त्याचे दोष जाणून घ्या

आता कुठे किंमत. साधारण चढता क्रम असा: ओएसपी आणि हॅसल, मग टिन आणि सिल्व्हर, मग एनिग, मग एनेपिग. चाळणीतून दोन फिनिश पार झाली असतील तर स्वस्त घ्या. एकच उरलं असेल तर भावावर घासाघीस करा, फिनिशवर नको.

एनिगचा खरा दोष भावात नाही. सोन्याचा थर चढतो तो निकेल खाऊन: निकेलचे अणू द्रावणात जातात, त्यांच्या जागी सोनं बसतं. द्रावण बिघडलेलं असेल किंवा बोर्ड त्यात जास्त वेळ राहिला तर सोन्याखाली निकेल कुरतडलं जातं आणि फॉस्फरसने भरलेला काळपट थर उरतो. हेच ते 'ब्लॅक पॅड'. वरून सोनं झकास चमकत असतं, सोल्डरही धरल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या धक्क्याला पार्ट पॅडवरून स्वच्छ निघून येतो. खाली दिसतो सपाट, करडा-काळा पृष्ठभाग.

यावरून एक उलटी वाटणारी गोष्ट कळते: एनिगमध्ये जास्त सोनं मागणं म्हणजे जास्त निकेल कुरतडायला सांगणं. ०.०५ ते ०.१ मायक्रॉन पुरे. अहवालात ०.१५ दिसलं तर खूश होऊ नका, विचारा.

दुसरी मर्यादा: निकेलवरचा जोड धक्क्याला तांब्यावरच्या जोडापेक्षा ठिसूळ असतो. हातातून पडणाऱ्या उपकरणात मोठा बीजीए असेल तर ओएसपी सरस ठरतं. दोन्ही हवं असेल, म्हणजे कीपॅडला सोनं आणि बीजीएला तांबं, तर निवडक एनिग अधिक ओएसपी असं मिश्र फिनिश मिळतं. त्यासाठी सोन्याच्या जागांचा वेगळा थर गर्बरमध्ये द्यावा लागतो.

ओएसपी घेतलंत तर डिझाइनमध्ये तीन गोष्टी बदला. टेस्ट पॉइंटवर पेस्ट छापा, म्हणजे पिन सोल्डरवर टेकेल. व्हाया मास्कने झाका. स्टेन्सिलची भोकं पॅडइतकीच ठेवा, कारण ओएसपीवर सोल्डर छापलेल्या जागेबाहेर फारसं पसरत नाही आणि पॅडचे कोपरे तांबूस दिसतात.

पायरी ७: ऑर्डरवर काय लिहायचं

'फिनिश: एनिग' ही अर्धी ओळ झाली. पूर्ण अशी:

'फिनिश एनिग, आयपीसी-४५५२ नुसार. निकेल ३ ते ६ मायक्रॉन, सोनं ०.०५ ते ०.१ मायक्रॉन. १.५ × १.५ मिमी पॅडवर एक्सआरएफने मोजावं. प्रत्येक लॉटबरोबर अहवाल द्यावा. लेखी परवानगीशिवाय फिनिश बदलू नये, काढून पुन्हा चढवू नये. पाकिटावर फिनिश चढवल्याची तारीख लिहावी.'

आयपीसी-४५५२ हे एनिगचं मानक, आणि एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरणांनी थराची जाडी मोजणं. पॅडचं माप लिहायचं कारण आहे. लहान आणि मोठ्या पॅडवर थर वेगवेगळा चढतो. माप न ठरवता मोजलेला आकडा तुलनेला उपयोगाचा नाही. बोर्डावर या मापाचं पॅड नसेल तर पॅनेलच्या कडेच्या पट्टीवर एक टाका.

इतरांसाठी आकडे: इमर्शन सिल्व्हर आयपीसी-४५५३ नुसार ०.१२ ते ०.४ मायक्रॉन. इमर्शन टिन आयपीसी-४५५४ नुसार किमान १ मायक्रॉन. एनेपिग आयपीसी-४५५६ नुसार निकेल ३ ते ६, पॅलेडियम ०.०५ ते ०.३, सोनं किमान ०.०३ मायक्रॉन. ओएसपीसाठी उच्च तापमानाचा प्रकार आणि किती रीफ्लो सोसायला हवेत ते लिहा.

सावधान: 'काढून पुन्हा चढवू नये' ही ओळ गाळू नका. हॅसल पुन्हा केलं की दर बुडवणीत थोडं तांबं कढईत विरघळतं आणि भोकाच्या कडेचं तांबं पातळ होतं. ते बाहेरून दिसत नाही.

पायरी ८: माल आल्यावर

पाकीट फोडण्याआधी तारीख पाहा, व्हॅक्यूम शाबूत आहे का पाहा, ओलाव्याच्या कार्डाचा रंग पाहा. सगळी पाकिटं एकदम फोडू नका. एक फोडा.

मग उजेडात धरा. एनिगमध्ये सोन्याचा रंग सगळीकडे सारखा हवा. लालसर किंवा करड्या छटेचे पॅड असतील तर बाजूला ठेवा. ओएसपी फिकट नारिंगी-गुलाबी हवं, तपकिरी डाग नकोत. सिल्व्हर पांढरं, कडेला पिवळं पडलेलं नको. हॅसलमध्ये बुजलेली बारीक भोकं आणि उघडं पडलेलं तांबं शोधा. टिन घेतलं असेल तर पॅडच्या कडेचा मास्क नखाने तपासा. टिनचं गरम द्रावण कच्च्या मास्कला उचलतं.

सोल्डर-पात्रता घरीच बघता येते. बोर्डाचा तुकडा कापा, सौम्य रोझिन फ्लक्स लावा, शिसंविरहित सोल्डरच्या भांड्यात २५५ अंशांच्या आसपास तीन सेकंद बुडवून काढा. पॅडचा ९५ टक्के भाग सलग, गुळगुळीत सोल्डरने झाकला पाहिजे. सोल्डर मागे सरून थेंब झाले असतील तर लॉट थांबवा. फ्लक्स मुद्दाम सौम्य घ्यायचा. जहाल फ्लक्स वाईट बोर्डालाही पास करतो.

पायरी ९: हाताळणी

बोर्ड कडेने धरा, हातमोजे घाला. घामाचा ठसा सिल्व्हर आणि ओएसपीवर कायमचा उमटतो. ३० अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात उघडं पाकीट टेबलावर रात्रभर ठेवायचं नाही. उरलेले बोर्ड नव्या सिलिका जेलसह परत सील करा. सिल्व्हरचे बोर्ड रबर बँडने बांधू नका आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नका. रबरात गंधक असतो, साध्या कागदातही असू शकतो. त्यासाठी गंधकविरहित कागद मिळतो.

ओलावा घालवायला बोर्ड भाजायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. एनिग आणि हॅसलला १०५ ते १२० अंशांवर काही तास चालतं. ओएसपी आणि टिनला तीच भट्टी मारक: पहिल्याचा थर खराब होतो, दुसऱ्याचं कथील तांब्यात मुरतं. शक्य तो भाजूच नका; भाजणं अटळ असेल तर आधी बोर्ड बनवणाऱ्याला तापमान आणि वेळ विचारा.

पेस्ट चुकीची छापली गेली की पुसून पुन्हा छापायचा मोह होतो. ओएसपीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की पेस्टबरोबर थरही जातो. पुसलेला बोर्ड लगेच, त्याच तासात छापून भट्टीत घाला. दुसरी बाजू अजून व्हायची असेल तर पहिली छपाई अचूक होईल एवढीच काळजी घ्या.

पार्ट सोल्डर धरत नाही तेव्हा

फिनिशला दोष देण्याआधी क्रमाने जा. सोल्डर पॅडला धरलंय पण पार्टच्या पायाला नाही, तर पार्ट जुना. पायाला धरलंय, पॅडला नाही, तर बोर्ड. सोल्डर वितळून चेंडू झालंय आणि कुणालाच धरलं नाही, तर पेस्ट किंवा तापमान: एसएसी३०५ या शिसंविरहित सोल्डरसाठी शिखर २३५ ते २५० अंशांत हवं, आणि ते मॉड्यूलच्या पोटाखाली थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवून मोजलेलं. भट्टीच्या पडद्यावरचा आकडा बोर्डाचा नसतो.

दोष बोर्डाचाच निघाला तर उखडलेलं पॅड भिंगाखाली पाहा. एनिगवर सपाट करडा-काळा पृष्ठभाग दिसला तर ब्लॅक पॅडचा संशय; त्याची खात्री छेद घेऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच होते, एक्सआरएफ फक्त जाडी सांगतं. तपकिरी तांबं दिसलं तर ओएसपी संपलेलं आहे. जास्त सक्रिय फ्लक्सने ती बॅच बहुधा वाचवता येते, नंतर नीट धुवावी लागते एवढंच. ब्लॅक पॅडवर फ्लक्सचा, जास्त उष्णतेचा, पुन्हा सोल्डर करण्याचा कशाचाच उपयोग नाही. तो लॉट बाजूला काढा, न वापरलेले चार-पाच बोर्ड पुराव्यासाठी सीलबंद ठेवा आणि मगच पुरवठादाराला फोन करा.